रिझल्ट ९५ टक्के, पण कुणातले?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीला कॅप राउंडमध्ये (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत) नवी मुंबईतलं प्रायव्हेट इंजिनियरिंग कॉलेज लागतंय, ब्रोशरवर फायनल इयरचा रिझल्ट ९५ टक्के छापलाय, त्यावर भरवसा ठेवायचा का, आणि पोरं मधेच गळाली तर कॉलेजला कोणी जाब विचारतं का. मी याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो आकडा खोटा असेलच असं नाही, पण तुमच्या कामाचा नाही. फायनलच्या परीक्षेला जे बसले त्यातले किती पास, एवढंच तो सांगतो. समजा फर्स्ट इयरला ६० आले, त्यातले १५ केटीत, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयांत, अडकून मागे राहिले नाहीतर सोडून गेले, आणि सेकंड इयरला डिप्लोमावाले डायरेक्ट येऊन बाकं परत भरली, की वर्ग ६० चाच दिसतो, रिझल्ट झकास, आणि ते १५ कुणाच्या हिशोबातच नाहीत. माझ्या वर्गात दिवा स्टेशनहून येणारा एक मुलगा होता, मराठी मीडियमचा, हुशार, मॅथ्स आणि मेकॅनिक्सच्या केटी साठत गेल्या आणि वर्ष गेलं. वडील फीचे हप्ते करून मागायला आले तर ऑफिसच्या खिडकीतून एकच प्रश्न आला, मागची बाकी कधी भरताय. पोरगा का अडकला हे विचारणं त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाचं कामच नव्हतं. मला त्याचा अजून राग येतो.

आपल्याकडे कागदोपत्री कॉलेज नफ्यासाठी नसतंच, ट्रस्ट नाहीतर सोसायटी असते, २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात सुप्रीम कोर्टाने वाजवी शिल्लक चालेल पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी उकळलेले जादा पैसे, नाही असं सांगितलं. फीवर शुल्क नियामक प्राधिकरण आहे, पण ते बघतं कॉलेजचा खर्च. आलेल्यांपैकी चार वर्षांत किती पदवी घेऊन बाहेर पडले यावर फी ठरत नाही, खरी गोम इथे आहे.

नुसता आकडा जाहीर करूनही भागत नाही. अमेरिकेत नफ्यासाठी चालणारी कॉलेजं राजरोस आहेत, ग्रॅज्युएशन रेट सांगायचा कायदा १९९० पासून आहे, तरी त्यातलीच कोरिंथियन कॉलेजेस ही साखळी २०१५ ला बंद पडली आणि २०२२ मध्ये सरकारला तिथल्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं ५.८ अब्ज डॉलर कर्ज माफ करावं लागलं. म्हणून माझं म्हणणं, कॉलेजला फीवाढ मागताना, आलेल्यांपैकी किती वेळेत ग्रॅज्युएट झाले हा आकडा पुढे ठेवायलाच लावा. फक्त ऑटोनॉमस कॉलेजं पेपर स्वतःच काढतात, स्वतःच तपासतात, तिथे बाहेरचे तपासनीस नसतील तर मार्क वाटून आकडा फुगवतील, आणि अडकणारी पोरं शिकणार काहीच नाहीत.

आत्ता तुमच्या हातात काय, तर कॉलेजने एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला) डेटा दिला असेल तर तो कॉलेजच्या साइटवर ठेवावा लागतो, ती पीडीएफ शोधा. फर्स्ट इयरला किती घेतले, डायरेक्ट सेकंड इयरला किती, आणि ठरलेल्या वेळेत किती ग्रॅज्युएट झाले, हे एकाच तक्त्यात असतं. तो अख्ख्या कॉलेजचा असतो, म्हणून ब्रँचचा वेगळा आकडा ईमेलवर लेखी मागा, फोनवर नको. आणि सीट फ्रीज, म्हणजे पक्की, करायच्या आधी एकदा कॅंटीनला जाऊन त्याच ब्रँचच्या सेकंड इयरच्या पोरांना विचारा, तुमच्याबरोबर आलेल्यातले किती अजून वर्गात आहेत.