अजिंक्यताऱ्यावर नव्यानं येणाऱ्या मैत्रिणीला

काल 'चार भिंती' स्मारकाजवळ तू थांबलीस आणि ओढणी पोटावर ओढून घेत म्हणालीस, "थोडं वजन उतरवते, मग येते तुमच्यात." अगं, आधी बारीक होऊन गड चढायचा असतो का? तुझ्या दमानं चढ, मी थांबते.

पण गोड बोलून तुला फसवणारही नाही. आपल्याकडच्या बायकांत कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की साखर, रक्तदाबाचा धोका वाढतो. म्हणून तपासणी करून घे, थायरॉईडही बघ. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच "कमी खा" म्हणून वाटेला लावलं, तर दुसऱ्यांना दाखव. रोज काट्यावर उभी राहू नकोस. मीठ, पाळी, अंगातलं पाणी यानं किलोभर इकडंतिकडं होतंच. आणि रात्रीची भाकरी सोडू नकोस.

लग्नात "किती सुटलीस गं!" म्हणणारी एखादी मावशी भेटेलच. हसून साजरं करायची सक्ती नाही. "माझ्या तब्येतीचं मी बघते, मावशी," एवढं म्हण आणि पंगतीत बस. तेच शब्द आरशासमोर तू स्वतःला ऐकवतेस, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

सोमवारी सव्वासहाला पायथ्याशी ये. बूट घाल, उतरताना चप्पल सरकते.