बौद्ध धम्मात गर्भपाताकडे कसं पाहतात?

तुम्ही विचारलंय, पंचशील (त्यातलं पहिलंच, जीवहत्या न करण्याचं) घेतलेल्या बाईनं गर्भपात केला तर शील मोडतं का, आणि ती बौद्ध राहते का. दुसऱ्याचं उत्तर सोपं: राहते. पहिल्याला जरा वेळ लागेल.

ग्रंथ कडक आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्षू-भिक्षुणींच्या नियमांच्या ग्रंथात, माणूस म्हणजे आईच्या उदरात पहिलं चित्त उपजतं तिथपासून मरणापर्यंत. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षूच्या पूर्ण दीक्षेच्या वेळीच त्याला बजावतात, मनुष्यहत्या करायची नाही, गर्भ पाडण्याइतकीसुद्धा.

तिथलाच एक प्रसंग. नवरा परगावी असताना एक बाई दुसऱ्यापासून गरोदर राहते आणि घरी येणाऱ्या भिक्षूकडे गर्भ पाडायचं औषध मागते. ‘बरं, भगिनी’ म्हणून तो देतो. गर्भ मरतो, भिक्षूला रुखरुख लागते. बुद्धांचा निकाल: पाराजिक, म्हणजे संघातून कायमचा बाहेर. पुढे दोन सवतींची गोष्ट येते. दुसरीला मूल झालं तर घर तिच्या हाती जाईल, म्हणून वांझ सवत भिक्षूला तेच सांगते. एका प्रकारात औषधानं आई दगावते, मूल वाचतं. तिथे पाराजिक नाही, थुल्लच्चय हा त्याहून हलका दोष. कारण हेतू आईला मारायचा नव्हता. हे वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं. पण एक लक्षात घ्या, सगळीकडे आरोपी भिक्षू आहे. औषध मागणाऱ्या बाईला शिक्षा कुठेच नाही.

गृहस्थासाठी शील म्हणजे स्वतःहून घेतलेलं शिक्षापद, आचरणाचा नियम. ते मोडलं, तर दंड करणारं कुणी नाही. उरतं कर्म, आणि अंगुत्तर निकाय या उपदेशांच्या संग्रहात बुद्ध चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हणतात. जीव वाचवायला केलेला गर्भपात आणि सवतीचा काटा काढायला केलेला, दोन्हींचं वजन एक कसं असेल? दलाई लामांनीही 1993 च्या एका मुलाखतीत गर्भपाताला हत्याच म्हटलं, पण प्रत्येक वेळची परिस्थिती पाहून ठरवावं, असंही सांगितलं.

जपानमध्ये तर अशा न जन्मलेल्या बाळांसाठी विधीच आहे, मिझुको कुयो. मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या जिझो बोधिसत्त्वाच्या छोट्या दगडी मूर्तीला लाल लाळेरं बांधतात, शेजारी भिरभिरं खोचतात. काही मंदिरांनी अतृप्त आत्म्याची भीती घालून त्यावर पैसेही कमावले, ते मला मुळीच पटत नाही. लाळेरं बांधणाऱ्या आईचं दुःख मात्र खरं असतं.

तेव्हा शील मोडलं असं तिला वाटत असेल, तर ते पुन्हा घेता येतं. भिक्षूंसमोर घ्यावं, नाहीतर घरी एकटीनं. कारण सांगावं लागत नाही.