पीएफचा अर्ज केला तर बँक पैसे उचलेल?

नवऱ्याला जाऊन चार महिने झाले तरी एका बाईने पीएफचा अर्ज भरला नव्हता. "पैसे आले की बँकवाले उचलतील, त्यापेक्षा तिथेच राहू देत," असं तिचं म्हणणं. दोघांच्या नावे गृहकर्ज, त्याच्या एकट्याच्या नावे वैयक्तिक कर्ज, वर क्रेडिट कार्डाची थकबाकी. 'उरलेले हप्ते मी फेडेन' असा वसुलीवाल्याने दिलेला कागद पिशवीतच होता. सही तेवढी बाकी होती.

आधी ती सही थांबवली. वैयक्तिक कर्जाला ती सहकर्जदार नाही, जामीनदारही नाही. अशा कर्जासाठी वारस जबाबदार असतो तो मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरताच. स्वतःच्या पगारातून किंवा दागिन्यांतून ते फेडायला तो बांधील नाही. सही केली की मात्र ते तिचं स्वतःचं देणं झालं असतं. अर्थात पूर्ण हात झटकता येत नाहीत. नवऱ्याच्या नावची मुदत ठेव आणि घरातला त्याचा हिस्सा ही त्याची मालमत्ता, त्यावर बँक कोर्टामार्फत दावा लावू शकते.

पीएफचं तसं नाही. सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी ही रक्कम त्याच्या कर्जातून मुक्त असते, तिच्यावर जप्तीही येत नाही. कायद्यातच तसं लिहिलं आहे. तरी रक्कम जमा करायला कर्ज नसलेल्या बँकेतलं, फक्त तिच्या नावचं खातं द्यायला सांगितलं. एकाच बँकेत खातं आणि थकीत हप्ता असला की नको ते वाद होतात.

नॉमिनी तीच होती, हे नशीब. पुष्कळदा लग्नाआधी लावलेलं भावाचं नाव निघतं. लग्न होऊन कुटुंब झालं की ते नामांकन रद्द ठरतं, पण हे त्या भावालाही ठाऊक नसतं आणि घरात भांडण पेटतं.

दावे तीन असतात, आणि लोक एकच करून थांबतात. फॉर्म २० पीएफच्या शिलकीसाठी. फॉर्म ५-आयएफ विम्यासाठी: नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआय या पीएफ सभासदांच्या विमा योजनेतून कमाल ७ लाख रुपये मिळतात, त्यासाठी पगारातून काही कापलेलं नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फॉर्म १०-डी पेन्शनसाठी. "त्यांची दहा वर्षं कुठे भरली होती?" असं म्हणून तिने पेन्शन सोडूनच दिली होती. दहा वर्षांची अट निवृत्तीच्या पेन्शनला आहे. नोकरीत मृत्यू झाल्यास एका महिन्याची वर्गणीही पुरते. पत्नीबरोबर २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही पेन्शन मिळते.

अर्ज अडतो तो बहुधा नावावरून. मृत्यू दाखला, आधार आणि पीएफच्या नोंदीत स्पेलिंग वेगळं असलं की फाइल परत येते. शिवाय नोकरी संपल्याचं कारण 'मृत्यू' असं कंपनीने नोंदवलेलं लागतं.

राहिलं गृहकर्ज. तिथे ती सहकर्जदार, सुटका नाही. पण कर्जखात्याचा पहिल्या महिन्याचा उतारा मागवला, तर त्यात कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता कापलेला दिसला. पॉलिसी कपाटात नव्हती, बँकेकडे होती, आणि चार महिने ती हप्ते भरत असताना बँकेतून कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. विम्याचा दावा दाखल करून पोच घेतली. निकाल लागेपर्यंत हप्ते चालू ठेवायला सांगितले, नाहीतर थकबाकी तिच्या नावावर चढली असती.