आठ महिने एकाच जागी उभी असलेली आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) पुन्हा कायमच्या प्रवासाला काढताना आधी काय तपासावं?

सगळ्यात आधी टायर बघा, आणि नक्षीपेक्षा त्यांचं वय. अमेरिकेतल्या टायरवर 'डीओटी' (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण उन्हाने रबर सुकतं. बाजूला भेगा दिसल्या तर नक्षी कितीही चांगली असो, बदलाच. वेगात फुटलेला टायर खालच्या वायरी, पाइप फाडून नेतो. आम्ही आरव्हीतच राहतो, प्रत्येक मोठ्या मुक्कामानंतर सुरुवात इथूनच करतो. मग पाण्याची टाकी जंतुमुक्त करा: १५ गॅलन (सुमारे ५७ लिटर) पाण्याला पाव कप साधं, बिनसुगंधी ब्लीच, सगळ्या नळांना वास येईपर्यंत पाणी सोडा, ४ तास ठेवून धुवा. फिल्टर मात्र आधी काढा. हिवाळ्यात गाडी गोठली असेल तर टाकी भरण्याआधी पाइप तडकलेत का बघा.