मागचे बुश : माल कोणता घालायचा?

प्रश्न : मामा, नमस्कार. माझ्याकडे २०१२ ची स्कोडा लॉरा आहे, १.८ टीएसआय पेट्रोल. १,३०,००० किलोमीटर झालेत. रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, दर पंधरा दिवसांनी पुणे आणि अधूनमधून तुळजापूर. हल्ली स्पीडब्रेकर उतरताना मागून ‘धप्प’ असा आवाज येतो. घाटातल्या वळणावर पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग जरा विचार करून मागे येतो, असं वाटतं. पुण्याचा मित्र म्हणतो, मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत बसतात ते सगळे रबरी बुश पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या रबरासारख्या पण कडक प्लास्टिकचे टाक. इथला एक लेथवाला पांढऱ्या नायलॉनचे करून देतो म्हणतोय, निम्म्या पैशांत. कंपनीचं रबर पुन्हा घाला, असं मात्र कुणीच म्हणत नाही. गाडी मला जरा जोमात चालवायला आवडते. काय करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कुणीच म्हणत नाही ना? मग मी म्हणतो. सगळीकडे नाही, पण एका जागी कंपनीचंच रबर घाला. त्या जागेकडे येतोच, आधी तुमच्या ‘धप्प’चं बघू.

असा आवाज घेऊन गाडी आली की मी पहिला हात शॉकअपच्या वरच्या माउंटला घालतो, मग वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या लिंकला आणि सगळ्यात शेवटी आर्मच्या, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशला. माउंटचं रबर चेपलं की आवाज हुबेहूब असाच येतो. ते नीट निघालं तर टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून एकेक आर्म हलवून बघा. निकामी बुशची आतली नळी रबरापासून सुटलेली दिसते, नाहीतर रबरात बोट जाईल एवढी चीर असते. वरवरच्या बारीक भेगा बघून घाबरू नका. त्या वयाच्या असतात, माझ्या कपाळावरही आहेत. आणखी एक : काही बुशांमध्ये कंपनीनेच अर्धचंद्रासारख्या फटी ठेवलेल्या असतात. त्याकडे बोट दाखवून ‘बुश फाटलंय साहेब’ म्हणणारे लोक आमच्या धंद्यात आहेत.

ती फट उगाच नसते. फटीच्या दिशेने बुश मऊ आणि भरीव बाजूने कडक, म्हणजे एकाच बुशचे दोन स्वभाव. खड्ड्यात चाक आदळलं की आर्म किंचित मागे सरकून धक्का जिरवतो, पण वळणावर बाजूला सरकत नाही. म्हणूनच असं बुश दाबून बसवताना त्यावरची खूण ठरलेल्या दिशेलाच यावी लागते. पीयूच्या नाहीतर नायलॉनच्या साध्या गोल बुशला हे दोन स्वभाव नसतात. तो सगळ्या बाजूंनी सारखाच.

आता मालाकडे येऊ. कडकपणा मोजायची शोर नावाची मोजपट्टी आहे. शोर ए वर पेन्सिलचा खोडरबर साधारण ४०, टायरच्या नक्षीचं रबर ६०-७०, आणि कंपनीचा बुश बहुधा ५० ते ७० च्या मध्ये कुठेतरी. रस्त्यावरच्या गाडीसाठी मिळणारे पीयू ७० ते ९५. नायलॉन या पट्टीत मावतच नाही, त्याला शोर डी ही वेगळी पट्टी लावतात.

पण कडकपणापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. आर्म वरखाली झाला की काहीही घासत नाही, रबर स्वतःच पिळवटतं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही. पीयू मात्र सहसा चिकटवलेला नसतो, तो नळीवर फिरतो. फिरणार म्हणजे घासणार, घासणार म्हणजे ग्रीस हवं. ग्रीस धुऊन गेलं की जुन्या वाड्याच्या दारासारखा कुरकुरतो. आपल्याकडे त्या घासणाऱ्या फटीत धूळ जाते आणि ग्रीसमध्ये कालवली की तिचं पॉलिश पेपर होतं. पीयू घालाल तर वर्षाला एकदा खोलून, पुसून, सिलिकॉन ग्रीस भरायची तयारी ठेवा. हाताशी आहे म्हणून साधं पिवळं ग्रीस चोपडू नका. शेजारच्या रबराला ते लागलं तर रबर फुगतं.

नायलॉनवाल्याला नमस्कार करून घरी या. माझे वडील कापडमिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. मागावर धोट्याला फटका मारतो तो पिकर त्यांच्या तरुणपणी कच्च्या कातड्याचा असायचा, पुढे प्लास्टिकचा आला. वडिलांची तक्रार एकच : कातडं मार खातं आणि जिरवतं, हा नवा मार पुढे ढकलतो. पिकर शाबूत राहायचा आणि भलताच भाग तुटायचा. गाडीत तो भलता भाग म्हणजे आर्म, बोल्ट नाहीतर बॉडीवरचं ब्रॅकेट. शिवाय नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. पावसाळ्यात घट्ट आणि उन्हाळ्यात ढिला असा बुश तुम्हाला नको. मोटरसायकलच्या स्विंगआर्मला नायलॉन चालतो, कारण तो आर्म एकाच अक्षावर फिरतो. मी स्वतः कितीतरी घातलेत.

एकाच अक्षावर. सगळी मेख इथे आहे.

तुमच्या लॉराला मागे मल्टीलिंक आहे. प्रत्येक चाकाला एक लांब ट्रेलिंग आर्म, पत्र्याच्या पात्यासारखा, आणि तीन आडव्या लिंक : एक वर, एक खाली जिच्यावर स्प्रिंग बसते, आणि एक टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते, सांभाळणारी. चाक वर जाताना आडव्या लिंक त्याला किंचित आत ओढतात, कलवतात. त्यामुळे ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाचा मोठा बुश फक्त फिरत नाही, वाकडाही होतो, पिळवटतोही. रबराला हे जमतं. कडक पीयूला तिथे कोंडलं तर तो वाकडं व्हायला नकार देतो आणि सस्पेन्शनच अडकल्यासारखं चालतं. खड्ड्यात मागचा भाग उडी मारतो. लोक म्हणतात, ‘वा, कशी कडक झाली!’ कडक झाली नाही, अडकली.

आणखी एक गंमत. पोर्शने १९७७ मध्ये ९२८ आणली, तिच्या मागच्या वायसाख ॲक्सलचं कौतुकच हे होतं की वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक मारला की आर्मचं पुढचं टोक थोडं सरकतं आणि चाक किंचित आत वळतं. मागचं चाक आत वळलं की गाडी सावरते, बाहेर वळलं की शेपूट फिरते. थोडक्यात, बुश सैल असणं हा दोष नव्हे, कुठल्या दिशेला सैल आहे ते महत्त्वाचं. कंपनीचे इंजिनिअर या मिलिमीटरभर सरकण्यावर वर्षं घालवतात. ते एका दुपारी घट्ट करून टाकायचं, तर निदान काय घट्ट करतोय ते माहीत हवं.

तुमच्या जागी मी असतो तर ट्रेलिंग आर्मचा मोठा बुश कंपनीचा घेतला असता, दोन्ही बाजूंचा एकदमच. स्टॅबिलायझर बारचे बुश पीयूचे. तिथे बार फक्त फिरतो, ग्रीस मारणं सोपं आणि वळणावरचा फरक लगेच कळतो. टो लिंकला बऱ्यापैकी कडक माल, कारण तुमची ‘विचार करणारी’ शेपूट बहुतेक तिथलीच आहे. खालच्या लिंकच्या आतल्या टोकाला ८० शोरच्या आसपासचं पीयू चालेल, पण मी आधी नवीन रबर घालून महिनाभर चालवून बघेन. जुनं, थकलेलं रबर आणि नवीन पीयू यांची तुलना करून लोक पीयूची आरती करतात. नव्या रबराशी तुलना कुणी करतच नाही. रोझ जॉइंटचा, म्हणजे रबराऐवजी लोखंडी गोळ्याच्या सांध्याचा, विचार मनात आला असेल तर काढून टाका. कोइम्बतूरजवळच्या कारी रेसिंग ट्रॅकवर ते ठीक, तुमच्या रोजच्या रस्त्यावर खडखडा वाजतील.

बसवताना मात्र मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहा. रबरी बुशचा बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळायचा नाही. आतली नळी त्याच स्थितीत पकडली जाते, गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे मला कुणी शिकवलं नाही. अक्कलकोट रोडवर गॅरेज टाकलं त्या पहिल्याच वर्षी एका गाडीचे चारही बुश मी लिफ्टवरच आवळले होते. चार महिन्यांनी गिऱ्हाईक परत आलं, पदरचे पैसे घालून पुन्हा बसवून दिले. तेव्हापासून चाकाखाली जॅक लावून गाडी तिच्या उंचीला आणतो आणि मगच पाना फिरवतो. खोलण्याआधी चाकाचा कोन ठरवणाऱ्या आतल्या एक्सेंट्रिक बोल्टांवर रंगाची खूण करा आणि काम झालं की चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, फक्त पुढचं नव्हे.

प्रश्न : मामा, माझ्याकडे २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे. मागे दोनच बुश आहेत म्हणे. ते पीयूचे केले तर गाडी जास्त चिकटून चालेल का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ताई, दोनच आहेत हे खरं, आणि म्हणूनच त्यांच्यावर जबाबदारी जास्त. तुमच्या पोलोला ट्विस्ट बीम आहे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की आख्खा बीम पिळवटतो आणि त्याचा हिशोब हे दोन बुश देतात. वळणावर मागचा बीम बाहेरच्या दिशेने वळू नये म्हणून बुशचा आकार आणि कोन ठरवण्याची युक्ती फोक्सवॅगन ऐंशीच्या दशकापासून वापरतेय. रबरच ठेवा. त्या पैशांत मागचे शॉकअप बदला, आणि टायर पाच वर्षांच्या वर गेले असतील तर आधी टायर. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष टायरच्या बाजूला चार आकड्यांत छापलेलं असतं : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

प्रश्न : बुशच्या फटीत काच चिकटवायचं काळं सीलंट भरलं तर स्वस्तात काम होतं का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : जुन्या गाडीच्या इंजिन माउंटला करून बघा, स्टिअरिंग थरथरलं तर माझं नाव घेऊ नका. मागच्या बुशला नको. ती फट कशासाठी असते ते वर पहिल्या उत्तरात सांगितलंय.