कोन दाओ बेटावर मोटरसायकलने फिरणं जमेल का? निवांत किनारे आणि जंगल दोन्ही बघायचंय.

आरामात जमेल. व्हिएतनामच्या या बेटावर मुख्य रस्ता तसा एकच: विमानतळापासून गावातून थेट बेन दाम बंदरापर्यंत. रस्ता चुकायची भीती नाही, भीती वाऱ्याची. का माप टोकाच्या वळणावर कधीकधी गाडी अक्षरशः बाजूला ढकलली जाते, तिथे वेग कमीच ठेवा.

दाम त्राऊ किनारा विमानतळाजवळ आहे. उतरणारं विमान डोक्यावरून जातं, म्हणून तिथे गर्दी होते. मला विचाराल तर ओंग दुंग बरा. गाडी वर लावायची, राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट काढायचं आणि दाट झाडीतून पायी उतरायचं. खाली वाळू कमी, दगड जास्त, त्यामुळे पायात चप्पल हवीच. पण प्रवाळ बघायला पाणी छान.

कासवं मे ते ऑक्टोबरदरम्यान अंडी घालतात, ती बघायला मात्र बाय कान्ह बेटावर बोटीनेच जावं लागतं.

परवान्याचं आधी बघा. व्हिएतनाम १९६८ च्या रस्ते वाहतूक कराराखालचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मानतो, आपल्याकडे मिळतो तो १९४९ चा. दुकानदार गाडी देईलही, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.