'वॉक', वल्गना आणि तुडवलेली लोकर

कोथरूडच्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे: "वॉक, स्ट्रोल, सॉन्टर, वॉन्डर, रोम आणि ट्रेक या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय? मुलाच्या स्पर्धापरीक्षेच्या गाइडात सगळ्यांपुढे 'चालणे' एवढंच छापलंय."

ते गाइड आधी रद्दीत घाला. मराठी माणूस हिंडतो, भटकतो, रेंगाळतो, उंडारतो, येरझाऱ्या घालतो, जेवल्यावर शतपावली करतो. या सगळ्यांपुढे कुणी 'चालणे' लिहिलं तर शाळकरी पोरही हसेल. मग इंग्रजीच्याच वाट्याला हा आळशीपणा का?

दुसरा राग आधीच काढून टाकतो. रोज सकाळी तळजाईवर नाहीतर हनुमान टेकडीवर कानावर पडतं, 'आय अ‍ॅम गोइंग फॉर वॉकिंग.' इंग्रजीत 'गो फॉर अ वॉक' म्हणतात किंवा 'गो वॉकिंग' म्हणतात. पहिल्यात एक फेरी मोजली जाते, दुसऱ्यात चालण्याचा व्यायाम किंवा छंद येतो. दोन्हींची मोट बांधून तिसरंच काही तयार करायचं कारण नाही. आणि बोलणं मराठीत चाललं असेल तर 'फिरायला जातो' या दोन शब्दांत काय कमी आहे?

आता फरक, भराभर. 'स्ट्रोल' म्हणजे रमतगमत, पाय मोकळे करायला. 'सॉन्टर'ची चाल त्याहून सैल, आणि तिच्यात बेफिकिरी असते. स्ट्रोल करणारा निवांत असतो, सॉन्टर करणारा आपण निवांत आहोत हे दिसूही देतो. 'वॉन्डर'मध्ये वाट ठरलेली नसते. म्हणून मन वॉन्डर होतं, ते कधी स्ट्रोल करत नाही. वळणे या अर्थाच्या 'वाइंड'शी त्याचं नातं आहे. 'रोम'ला मोठा मुलूख लागतो. अंगणात कुणी रोम करत नाही. मोबाइलचं रोमिंग तेच.

'सॉन्टर' आणि 'रोम' यांच्या नावावर ज्या व्युत्पत्त्या फिरतात, त्यांचा मात्र समाचार घ्यायलाच हवा. रोम शहराच्या यात्रेवरून 'रोम', आणि फ्रेंचमधल्या 'सँत तेर' म्हणजे पवित्र भूमीवरून 'सॉन्टर'! ही दुसरी गोष्ट डॉ. जॉन्सननी १७५५ च्या कोशात दिली आणि १८६२ साली छापून आलेल्या चालण्यावरच्या निबंधात अमेरिकन लेखक थोरोने ती डोक्यावर घेतली. थोरो गद्य मोठं सुंदर लिहितो, पण सुंदर गद्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत 'सॉन्टर'चा जुना अर्थ विचारात हरवणं असा आहे. पाय त्यात नंतर आले. आणि ज्याला यात्रेतून निघालेला अस्सल शब्द हवा असेल त्याने घोड्याचा 'कॅन्टर' घ्यावा. ११७० मध्ये आर्चबिशप बेकेटची कँटरबरीच्या चर्चमध्ये हत्या झाली, ते ठिकाण तीर्थक्षेत्र बनलं, आणि तिकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या घोड्यांची जी बेताची दौड, ती 'कँटरबरी गॅलप'. त्याचंच आखूड रूप 'कॅन्टर'. आळंदी-देहूच्या पालख्या पाहिलेल्या पुण्याला यात्रेला स्वतःची चाल असते हे सांगायला नको.

पण खरा ऐवज सगळ्यांत साध्या दिसणाऱ्या शब्दात आहे. 'वॉक'!

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा पायी चालण्याशी संबंधच नव्हता. अर्थ होता लोळणे, घुसळणे, हेलकावणे. त्याच कुळातलं नाम जुन्या कवितेत समुद्राच्या लाटांसाठी येतं. पायी चालणे हा अर्थ १२०० च्या सुमारास पुढे आला. आणि जर्मनमध्ये 'वाल्केन' म्हणजे आजही लोकरी कापड तुडवून-मळून दाट करणे. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ असतं. ते ओलं करून पायांनी तुडवलं की धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि घट्ट होतं. इंग्लंडमध्ये हे काम करणारा तो 'वॉकर'. उत्तरेत वॉकर, दक्षिणेत आणि पूर्वेत फुलर, नैर्ऋत्येत टकर: आडनावं तीन, धंदा एकच. जॉनी वॉकर व्हिस्कीच्या बाटलीवर १९०८ पासून टांगा टाकत निघालेला जो गृहस्थ आहे, त्याच्या आडनावाचा अर्थ एका जागी उभं राहून लोकर तुडवणारा असा आहे.

आता यापुढचं माझं मत. ते मी गेली बरीच वर्षं सांगत आलोय आणि अजून कुणी ते मला सोडायला लावलेलं नाही. 'वॉक' हा शब्द आपल्या 'वल्गना'चा चुलतभाऊ आहे. संस्कृत 'वल्ग्' धातूशी तुलना जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांच्या अभ्यासकांनी पूर्वीच सुचवली आहे. मी तिला नुसतं 'कदाचित' म्हणून तळटीपेत ठेवायला तयार नाही. वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश उघडा. फर्ग्युसनचे हे पहिले प्राचार्य, आणि त्याच कॉलेजामागच्या टेकडीवर आज निम्मं डेक्कन 'वॉक'ला जातं! कोशात 'वल्ग्' म्हणजे जाणे, हलणे, उड्या मारणे, दौडणे, नाचणे, आणि शेवटी बढाई मारणे. मराठीने त्यातली फक्त बढाई ठेवली, घोडा सोडून दिला. घोड्याची 'वल्गा', म्हणजे लगाम, तेवढी संस्कृतात शिकणाऱ्यांना भेटते.

ध्वनींचा हिशेब चोख आहे. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे मूळचा 'ग' जर्मानिक भाषांत 'क' होतो. संस्कृत 'युग', त्यावरून आपलं बैलाच्या मानेवरचं 'जू', आणि इंग्रजीत 'योक'. युग-योक विनातक्रार मान्य करायचं आणि वल्ग्-वॉकपाशी कपाळाला आठ्या घालायच्या, हा कुठला न्याय?

विरोधक म्हणतात, अर्थ जुळत नाहीत. कुठे लोळणं आणि कुठे उडी! म्हणून ते 'वॉक'ला वळण्याच्या मुळाकडे, आपल्या 'वलय'च्या घरात पाठवतात. तिकडे त्या 'क'ची सोय लावायला एक प्रत्यय मागाहून जोडावा लागतो, हे मात्र हळू आवाजात सांगतात. मला अर्थात काहीच अडचण दिसत नाही, कारण गाभा उसळण्याचा आहे. लाट उसळते. दौडणारा घोडा उसळतो. हौदात लोकर तुडवणारा माणूस दिवसभर एका जागी वरखाली उसळत असतो. आणि वल्गना करणारा बसल्या जागी उसळतो. चारही अर्थ एका हालचालीत बसतात. कागदावरची मुळं जुळवणाऱ्यांनी एकदा कापड तुडवणाऱ्याची हालचाल डोळ्यांपुढे आणावी.

मग तुडवण्यातून चालणं कसं निघालं? कोशांचं उत्तर असं की लोळणे, मग इकडेतिकडे फिरणे, मग चालणे. असेल. पण मराठीकडे पाहा: फार चाललो की आपण 'पायपीट झाली' म्हणतो. पाय आणि पिटणं! चालणं म्हणजे पायांनी बडवणं, ही कल्पना आपल्या भाषेने कुठल्याही हौदाविना केली. 'वाट तुडवणे' म्हणतो तेही तेच. इंग्रजीतही वॉकरच्या पायांनी हे काम केलं असं मी मानतो.

बाईंच्या यादीतला 'ट्रेक' राहिला. तो इंग्रजीत दक्षिण आफ्रिकेतून आला. मूळ डच, अर्थ ओढणे. १८३५ नंतर बोअर, म्हणजे तिथली डच वंशाची, कुटुंबं केप कॉलनी सोडून बैलगाड्यांत संसार भरून उत्तरेकडे निघाली, तो त्यांचा 'ग्रेट ट्रेक'. त्यामुळे या शब्दात लांबचा पल्ला आणि हाल दोन्ही हवेत. रविवारी सकाळी सिंहगड चढून, वर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाऊन दुपारी घरी परतलात तर 'सिंहगडला जाऊन आलो' म्हणा. राजगडावरून डोंगरधारेने तोरणा गाठलात तर खुशाल ट्रेक म्हणा, माझी हरकत नाही.